तुकड्यांची बेरीज

फोन. फक्त ताईच्या बाजूचा.

"बसली आहेस का? … नाही, आधी बस. … अगं बस म्हणते ना! … हो. … हो, आलं. पॉझिटिव्ह आहे, बारके. … मशीन कशाला खोटं बोलेल? मी बोलते अधूनमधून, ते नाही बोलत. … रडू नकोस गं. मलाही येतं मग, आणि इथे हातमोज्यांनी डोळे पुसायला बंदी आहे. … मास्तर कुठेत? शिकवणीवर? मग आत्ता नको सांगूस, शिकणारा आणि शिकवणारा दोघं मिळून गाडी खांबावर घालतील. … मॅडमची सही व्हायचीय अजून. होईल की. … हो. … हो गं बाई, हो."

*

ती दोन बहिणींतली थोरली. इस्पितळाच्या रक्त तपासणी विभागात हॉर्मोनचं यंत्र सांभाळते. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेही.

बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण. चाळिशीला टेकली तरी बारकीच. चष्म्याच्या दुकानात काम करते, डोळ्यांवर काचा बदलून बदलून विचारते, हे स्पष्ट की हे? नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणून मास्तर. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्याच्या पायाला खोड लागली आहे. घरी जेवताना कुणी ताटात जास्त वाढायला लागलं की त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो.

मूल नव्हतं. आधी सगळे विचारायचे, मग विचारेनासे झाले, आणि विचारेनासे झाल्याचं बारकीला जास्त लागलं. उपचार करून झाले. सोडून झाले. दत्तक घ्यायचं बोलून झालं, तेही मागे पडलं. आणि गेल्या महिन्यात तिला सकाळी उलट्या सुरू झाल्या. अन्नावरची वासना उडाली. पाठ दुखायला लागली. पाळी तर आधीपासूनच मनाला येईल तेव्हा यायची, ती आलीच नाही.

"ताई, मला वाटतं की…"

"वाटून काय होतंय? रक्त दे."

ताईने स्वतः नळी भरली, स्वतः यंत्रात लावली, स्वतः आकडा पाहिला आणि स्वतः फोन केला.

*

फोन करणं तिथल्या रीतीला धरूनच होतं. त्या खोलीची एक स्वतःची रीत होती, कुठल्याही नियमावलीत नसलेली. चांगला निकाल ज्याने नळी लावली त्याने लगेच तोंडाने सांगायचा, सहीसाठी थांबायचं नाही. वाईट निकाल कागदावरून जाईल. तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी ही रीत पाडली. मामांचं म्हणणं असं, की माणूस बाहेर बाकावर बसून वाळतो, त्याला एक घोट आधी दिला तर सहीचं काय बिघडतं?

कधीच काही बिघडलं नव्हतं. कुणी नळी लावताना नाव वाचून हसायचं, कुणी निकाल सांगताना गाणं म्हणायचं. दुसऱ्या कुठल्याही विभागात हे झालं नसतं. तिथे सही झाल्याशिवाय तोंडही उघडत नाहीत.

*

विभागाच्या मुख्य डॉक्टर, मॅडम, यांनी सही केली नाही.

"कोण आहे ही?"

"माझी बहीण."

"सांगितलंस?"

ताईने नळ्यांचा ट्रे उगाच सरळ केला.

"मामांची शाळा," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आकडा वेडावाकडा आहे. मूल असेल तर दोन-तीन दिवसांत दुप्पट व्हायला हवा. पुन्हा रक्त आण. आणि सोनोग्राफी करून घे."

पुन्हा रक्त आणलं. आकडा वाढला होता, पण दुप्पट नाही. रिकाम्या खोलीत कुणीतरी रेंगाळत चालावं तसा. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं होतं.

"फार लवकर आहे," तिथल्या डॉक्टरांनी बारकीला सांगितलं. "थोडे दिवस थांबू." बारकी घरी जाऊन पाय वर करून पडून राहिली. कामावर गेली ती फक्त बसून राहण्यापुरती.

मॅडमनी उरलेलं रक्त शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथलं यंत्र वेगळ्या बनावटीचं.

तिथून उत्तर आलं: काही नाही. शून्याच्या इतकं जवळ, की शून्यच.

*

प्रश्न: एकाच बाईच्या एकाच रक्तात एका यंत्राला सापडतं आणि दुसऱ्याला सापडत नाही, असं कसं?

उत्तर (मॅडम, खुर्ची ओढून घेत): तुला माहितीये. तूच शिकाऊ मुलींना शिकवतेस.

प्रश्न: तरी सांगा.

उत्तर: गरोदरपणाचा हा हॉर्मोन दोन साखळ्यांचा. पहिली साखळी शरीरातल्या इतर हॉर्मोनांमध्येही असते. दुसरी याची एकट्याची. दोघी एकमेकींना बिलगून असतात तेव्हा तो अख्खा. यंत्र त्याला दोन चिमट्यांनी पकडतं. तिथल्या यंत्राचा एक चिमटा पहिल्या साखळीवर, एक दुसरीवर, म्हणून ते फक्त अख्खा मोजतं. आपल्या यंत्राचे दोन्ही चिमटे दुसऱ्या साखळीवर. अख्खा असो, सुटलेली साखळी असो, तुटका तुकडा असो, आपलं यंत्र सगळ्यांची एकच बेरीज करतं.

प्रश्न: म्हणजे बारकीच्या रक्तात अख्खा नाहीच?

उत्तर: नाही.

प्रश्न: नुसते तुकडे?

उत्तर: किंवा तेही नाहीत.

प्रश्न: ते कसं?

उत्तर: काहींच्या रक्तात एखादी आगाऊ अँटीबॉडी असते. ती मधल्या मधे दोन्ही चिमटे एकमेकांना जोडते. यंत्राला वाटतं काहीतरी सापडलं. हातात काही नसताना मूठ झाकलेली. तसं असेल तर तुझ्या बहिणीला मूल नाही, पण आजारही नाही.

प्रश्न: आणि तुकडे असतील तर?

उत्तर:

प्रश्न: मॅडम.

उत्तर: मूल नसताना नुसती सुटी साखळी कोण सोडतं ते तू वाचलेलं आहेस. कुठेतरी गाठ असते. जठर, स्वादुपिंड, यकृत, कुठेही. आणि ती इतके तुकडे सोडायला लागते तेव्हा लहान नसते. उलट्या कधीपासून म्हणालीस?

*

मॅडमनी पुढचं काम सांगितलं. लघवी तपासायची. ती आगाऊ अँटीबॉडी आकाराने मोठी, मूत्रपिंडाच्या चाळणीतून जात नाही. तुकडे जातात. लघवी कोरी निघाली तर रक्तातला आकडा खोटा. लघवीत सापडलं तर खरा.

"यंत्र नको त्याला," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडची गरोदरपणाची साधी पट्टी चालेल. ती तुकडाही पकडते, मी पडताळून पाहिलंय."

ताई रस्त्याने चालत गेली. बस समोरून गेली, तिने हात केला नाही. आयुष्यभर बहिणीसाठी तिने दुसरी रेघ मागितली होती. प्रत्येक वेळी बारकी स्नानघरातून बाहेर यायची आणि तोंडाने काही न बोलता पट्टी कचऱ्यात टाकायची, आणि ताई म्हणायची, पुढच्या वेळी. आता ती फुटपाथवरून चालत मनात घोकत होती: एकच येऊ दे. एकच येऊ दे. मूल नसू दे. काही म्हणजे काही नसू दे. रक्तातलं खोटं निघू दे, मी खोटी पडू दे, मास्तर मला दारात उभं करणार नाहीत, चालेल, सगळं चालेल, एकच

*

बारकीचं घर. दुसरा मजला, दारात चपलांचा ढीग, कारण मास्तर एकही जुना जोड टाकून देत नाही.

"ये ताई! बघ कोण आलंय गं, मावशी आली," मास्तर बारकीच्या पोटाकडे बघून म्हणाला.

"अहो, सोडा," बारकी म्हणाली. पण हसली. तिच्या गालाची हाडं वर आली होती. ताईला हे आजच कसं दिसलं? कालही ती आलीच होती की.

"काय खाल्लंस?"

"पाणी. आणि तेही बाहेर. पण सगळ्या म्हणतात, जितक्या उलट्या जास्त तितकं मूल धडधाकट."

"कोण सगळ्या?"

"दुकानात येणाऱ्या. चष्मा नसताना बायकांना फार कळतं."

ताईने पर्समधून छोटी डबी काढली. "थोडी लघवी दे."

"आता आणखी कशाला?"

"मॅडमना हवीय."

"रक्तात आलंय ना?"

"बारके, दे ना. वाद घालू नकोस."

"दे गं," मास्तर म्हणाला. "ताई मागतेय ते दे. ताईनेच तर आणलंय हे सगळं. माझं काय, मी नुसता शेजारच्या सीटवर."

"निर्लज्ज!" बारकीने त्याच्या दंडावर चापट मारली आणि डबी घेऊन आत गेली.

ताईला पट्टी प्रयोगशाळेत नेऊन करायची होती. ती डबी पर्समध्ये ठेवायला गेली आणि मास्तरने पट्टीचं पाकीट पाहिलं.

"अरे, इथेच कर की! मी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. तू फोनवर सांगितलंस, हिने मला फोनवर सांगितलं, माझ्या वाट्याला नुसते फोन."

"नको, मास्तर. नीट उजेड—"

"उजेड?" बारकी म्हणाली. "माझ्या घरात उजेड नाही म्हणतेस? डोळ्यांच्या दुकानात काम करते मी." तिने पाकीट घेतलं, फाडलं, डबीत पट्टी बुडवली आणि टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली. तिघं वाकले.

ओल वर चढली.

पहिली रेघ, जी प्रत्येकीची येते.

मग पांढरं. मग पांढरंच. ताईने श्वास सोडला. मनात कुठेतरी ती खाली वाकून कुणाच्या तरी पाया पडली.

मग तिथे, पांढऱ्यात, कुणी पेन्सिल टेकवून उचलावी तशी.

"आली!" मास्तर ओरडला. "आली आली आली! बघ! दोन!"

त्याने बारकीला उचललं. खाली ठेवलं. ताईला मिठी मारली, तिचा चष्मा वाकडा झाला. खिडकीकडे गेला, कुणाला तरी सांगायचं होतं, खाली कुणी नव्हतं, परत आला. "ताई, बोल काहीतरी! अगं रडतेस काय!"

"रडू दे तिला," बारकी म्हणाली. तिने ताईचा चष्मा काढून स्वतःच्या ओढणीने पुसला, दांडी सरळ केली, परत तिच्या नाकावर ठेवला आणि कानामागे बोट फिरवून बघितलं, टोचत नाही ना. "आईच्या मागे हिनेच मला वाढवलं. हिला नाही रडू येणार तर कुणाला?"

*

बारके, तुझ्या रक्तात जे सापडलंय ते

बारके, ऐक, मी तुला घाईने जे सांगितलं ना

बारके, आपण एकदा पोटाचा मोठा फोटो

बारके, कधीकधी मूल नसतानाही

बारके

*

शेवटी सांगितलं ते दुकानात. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं. ताईने सगळं सांगितलं, साखळ्या, चिमटे, तुकडे, आणि शेवटी तो एक शब्दही. कॅन्सर. तो म्हणताना तिने काउंटरची कड धरली होती.

बारकी चष्म्याची फ्रेम पुसत होती. थांबली नाही.

"म्हणजे रक्तात आहे."

"आहे, पण—"

"लघवीत आहे."

"बारके, तुकडे आहेत गं. मूल नाही."

"तुझं मशीन हो म्हणालं. तू हो म्हणालीस. पट्टी माझ्या डोळ्यांसमोर हो म्हणाली. आणि कुठल्यातरी लांबच्या मशीनने नाही म्हटलं म्हणून मी कुणाचं ऐकू?"

"माझं ऐक."

"तुझंच ऐकतेय ना! तूच म्हणालीस, बस खाली, बारके, आलं." तिने फ्रेम ठेवली. "तेव्हाची तू खरी की आत्ताची?"

"आत्ताची."

"तुला बरं जमतं गं. बाण सोडायचा आणि मग त्याच्या मागे पळायचं."

"एकदा सीटी स्कॅन कर. एकदाच. मी खोटी पडले तर थोबाडीत मार मला भर रस्त्यात."

"त्यात किरणं असतात."

"असतात."

"पोटातल्या बाळाला चालत नाहीत."

ताईकडे याला उत्तर होतं, पण ते आत्ताच देऊन झालं होतं.

"मग झालं तर," बारकी म्हणाली. "मास्तरला यातलं काही सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही." दार उघडून एक म्हातारा आत आला आणि बारकी त्याच्याकडे वळली. "या काका. बसा. हनुवटी इथे टेका."

ताईने मास्तरलाही सांगितलं. त्याच दिवशी, त्याच्या गाडीत. त्याने ऐकून घेतलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, "ताई, तुझी चूक होत असेल. माणूस आहे, होते." गाडी उभी होती. त्याचा पाय ब्रेकवरच होता.

*

बारकीने पट्ट्यांचं अख्खं खोकं विकत आणलं. रोज सकाळी एक. रोज फोटो, ताईला.

*बघ.*

*कालच्यापेक्षा गडद ना?*

*मास्तर म्हणतात सारखीच आहे, पण त्यांना रंगातलं काय कळतं.*

*आज तर काय ठळक आली! आता बोल.*

*ताई उत्तर दे ना. रुसलीस?*

ताई प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघायची. बारकीची नजर धंद्याची नजर होती, चुकत नव्हती. रेघ रोज गडद होत होती. यंत्राला नळी लावायची गरज उरली नव्हती. ताई जेवणाच्या सुट्टीत फोन उलटा ठेवायची आणि तो टेबलावर थरथरायचा.

मामा एकदा तिच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "आजपासून मी कुणाला तोंडाने सांगत नाही." ताई म्हणाली, "मामा, आता कशाला?" मामा उठून गेले. दुपारी बाहेरच्या बाकावर एक जोडपं सहीची वाट बघत बसलं होतं. त्यांचा निकाल चांगला होता. कुणी बाहेर जाऊन सांगितला नाही.

*

"सोनोग्राफीला येते," बारकी एक दिवस फोनवर म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा. "तेवढी चालते ना बाळाला?"

"चालते."

"आता दिसेल. इतके दिवस झाले. मग तू आणि मॅडम गप्प बसाल."

"बसू."

"पाणी पिऊन येऊ ना? मागच्या वेळी बाटली-बाटली पाजली होती."

ताईने डोळे मिटले. "नको. उपाशी ये. रात्रीपासून काही खाऊ नकोस."

"उपाशी? का?"

"मशीन नवीन आहे."

"बरं. नाहीतरी पोटात काय राहतंय?"

मॅडमनी सोनोग्राफीवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, काय बघायचं ते. रुग्णाला काय सांगितलंय आणि काय नाही, हे सांगायचं राहून गेलं. किंवा त्यांनी जाणून सांगितलं नसेल. ताईने विचारलं नाही.

छोटी खोली, पडदे ओढलेले, पडद्याआड एसीचा आवाज. बारकी पलंगावर आडवी झाली. ओढणी घडी करून ताईच्या हातात दिली. मास्तरला बाहेर बसवलं होतं. दाराच्या काचेतून त्याची सावली दिसत होती, उभी, मग बसलेली, मग उभी. बारकीने कुर्ता वर केला आणि सलवारीची कड खाली, जितकी खाली जाईल तितकी.

"इतकं नको खाली," बाई म्हणाल्या.

जेल थंड होतं. बारकी शहारली, हसली. "घाबरलं बघ."

बाईंनी सोनोग्राफीचं यंत्र उजव्या बरगड्यांखाली टेकवलं. दाबलं. "श्वास घ्या. आत धरा. धरा… सोडा." बरगड्यांच्या आणखी आत, कडेला तिरकं केलं. मॉनिटरच्या पडद्यावर करडं, धुरकट काहीतरी आणि त्यात गोल, एक, आणि त्याच्या शेजारी, आणि वर. बाईंनी बटण दाबून मापं घेतली. एका गोलावर इकडून तिकडे ठिपक्यांची रेघ. मग दुसऱ्यावर.

"पुन्हा श्वास घ्या. इथे दुखतं का?"

"हो."

"किती दिवस झाले?"

बारकी पडद्याकडे बघत नव्हती. ती बाईंच्या हाताकडे बघत होती, स्वतःच्या पोटावर तो कुठे आहे तिकडे. बरगड्यांखाली. मग मध्ये, छातीच्या हाडाच्या लगेच खाली. मग पुन्हा उजवीकडे.

"बाई, तुम्ही इतक्या वर काय शोधताय?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने घडी केलेली ओढणी उलगडली आणि पुन्हा घडी केली.

एसी बंद होऊन सुरू झाला. बाहेर मास्तरची सावली उभी राहिली.

बारकीने मान वळवून ताईचा चेहरा बघितला, बराच वेळ, काचा बदलून गिऱ्हाईकाच्या उत्तराची वाट बघावी तसा. ताईने नजर काढून घेतली नाही. तेवढंच तिला देता येत होतं.

"म्हणून उपाशी यायला सांगितलंस," बारकी म्हणाली.

"हो."

मग ती बाईंकडे वळली. आवाज अगदी साधा होता, दुकानात सुट्टे मागावेत तसा.

"तुमचं झालं का वरचं?"

"झालं."

"मग एकदा खालीही बघा ना. आलेच आहे तर."

बाईंनी आणखी जेल घेतलं, तळहातावर जरा ऊब दिली, आणि हात खाली नेला, बेंबीच्या खाली. मॉनिटर फिरवून पलंगाकडे केला. तिघी तिथे बघत राहिल्या.